दोन डावे

एक डावा आणि एक उजवा, एवढेच सांगितले होते. पुठ्ठ्याच्या साच्यांवर मार्करने 'डा' आणि 'उ' लिहून दिले होते. शिवाय बाण काढून 'इंजिन इकडे' असेही लिहिले होते. तरी गोव्यातल्या डिचोलीहून भिजत घरी येऊन गोणपाट सोडले, तर आतून गाडीत इंजिन धरणारे दोन डावे ब्रॅकेट निघाले. भावाभावांसारखे. जुळ्या भावांसारखे.

मागची कथा थोडक्यात उरकतो, कारण ती सांगायला लागलो की घरचे उठून जातात. मामांची अ‍ॅम्बेसेडर, मार्क 2, त्यांच्या पश्चात आमच्या अंगणात आली आणि माडाखाली गंजत बसली. तिचे मूळचे 1489 सीसीचे इंजिन कधीच राम म्हणून गेले होते. त्याच्या जागी मी मोडीत निघालेल्या दुसऱ्या अ‍ॅम्बेसेडरचे इसुझूचे 1800 सीसी इंजिन आणले. नव्वदीच्या सुरुवातीला कंपनीनेच अ‍ॅम्बेसेडरला हे इंजिन बसवायला घेतले होते, तेव्हा माझे डोके फिरले आहे असे नाही. फक्त भंगारवाल्याने इंजिन उतरवताना ब्रॅकेटचे नट खोलायचा कंटाळा केला आणि सरळ गॅस कटर चालवला. इंजिन आले, पण ते गाडीत ज्याच्यावर बसायचे तेच आले नाही.

मी या प्रकाराला हॉट रॉड म्हणतो. आईला अजून वाटते की मी अंघोळीचे पाणी तापवायच्या रॉडबद्दल बोलतोय. "एक आहे ना घरात, दुसरा कशाला?" तिला सांगून पाहिले की अमेरिकेत कॅलिफोर्नियातली पोरे जुनी फोर्ड घेत, तिचे मडगार्ड काढून टाकत, आत दांडगे इंजिन कोंबत आणि मुरॉकसारख्या कोरड्या तळ्यांवर नेऊन पिटाळत. 1932 च्या फोर्डमध्ये तर कंपनीनेच 65 अश्वशक्तीचे व्ही-8 बसवले होते. आईने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "आपल्या मयेचे तळे कुठे कोरडे पडते?" हे खरे आहे. त्यात ऑगस्ट महिना.

तर ब्रॅकेट. सहा मिलिमीटरची एमएस, म्हणजे साध्या पोलादाची, प्लेट, खाली पाया, वर उभा कान, मध्ये दोन त्रिकोणी टेकू, पायाला चार भोके, कानाला एक लांबट भोक, म्हणजे इंजिन थोडे मागेपुढे सरकवता येते. चेसिसच्या दोन्ही बाजू आतल्या अंगाला कलत्या असल्यामुळे एका बाजूचा ब्रॅकेट हा दुसऱ्या बाजूच्या ब्रॅकेटचे आरशातले रूप. बूट-मोज्यातला बूट, मोजा नव्हे. हा फरक नीट ध्यानात ठेवा, पुढचा सगळा तमाशा त्यावरच आहे.

मी गेलो ते वेल्डिंगचे दुकान डिचोलीहून साखळीकडे जाताना लागते. लोहखनिजाच्या खाणी चालू होत्या तेव्हा तिथे टिपरचे फाटलेले हौदे सांधायला रात्री बारापर्यंत रांग असायची. 2012 ला खाणी बंद पडल्या, मग सुरू झाल्या, 2018 ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने परत बंद पडल्या. तेव्हापासून तिथे खिडक्यांच्या ग्रिल, गेट आणि पावसाच्या आधी पत्र्याच्या शेड होतात. मिस्त्रीच्या हाताला सवय दहा टनांच्या मालाखाली टिकणाऱ्या वेल्डिंगच्या टाक्यांची आणि काम येते तुळशीवृंदावनाच्या जाळीचे. त्यामुळे त्याचा एक कायमचा अबोला आहे. जगावर. तो "फाल्यां मेळटलें", म्हणजे उद्या मिळेल, एवढेच बोलतो आणि ते फाल्यां कोणाचे, ते सांगत नाही.

बोलायचे काम मास्तर करतात.

मास्तर म्हणजे मराठी शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. दुकानाशी त्यांचा संबंध काय, हे कोणालाही विचारायची हिंमत होत नाही. सकाळी नऊला येतात, टेम्पोच्या काढून टाकलेल्या सीटवर बसतात, दोन पेपर वाचतात आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाची उलटतपासणी घेतात. ग्राइंडर सुरू झाला की ठिणग्या त्यांच्या रोखाने येतात. तेव्हा मास्तर जागा बदलत नाहीत, छत्री उघडतात. पत्र्याच्या छपराखाली, कोरड्या जागी, समोर छत्री धरून पेपर वाचणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. छत्रीला तीळ पेरावेत तशी बारीक भोके पडली आहेत. बाहेर पाऊस लागला की तीच डोक्यावर धरून ते घरी जातात आणि "हल्ली कापड चांगलं येत नाही" म्हणतात.

मी साचे मिस्त्रीच्या हातात दिले, ते मास्तरांनी वरच्या वर घेतले.

"कितें रे हें? एसीचं स्टँड?"

"गाडीच्या इंजिनाचं आहे, मास्तर."

"गाडीला कंपनीचं येत नाही?"

"इंजिन दुसऱ्या गाडीचं आहे."

मास्तरांनी पेपराची घडी घातली. "बेकायदेशीर आहे ते. मोटार वाहन कायदा, कलम 52. सर्वोच्च न्यायालयाने 2019 ला परत सांगितलंय, कंपनीने दिलेल्या गाडीत फेरफार चालायचे नाहीत."

आता दुखणे असे की हा माणूस फार चुकीचे बोलत नव्हता. इंजिन बदलायचे तर आरटीओची मंजुरी लागते, हे मलाही माहीत आहे. अर्जाचा कागद मी आणूनही ठेवला आहे. पण ज्या गाडीला आज इंजिन नाही, ब्रेक नाही आणि मागच्या सीटवर मांजर व्यायली आहे, ती कुठला कायदा मोडणार? मी तसे म्हटले. मास्तर म्हणाले, "म्हणजे गाडी चालणारच नाही? मग ब्रॅकेट कशाला?"

याला उत्तर नव्हते. मी मिस्त्रीकडे वळून भोकांचा घेर सांगितला, दोनदा सांगितला, आणि बँकेत काम होते म्हणून निघालो. तासभरासाठी. ही माझी चूक. दुसऱ्या कोणाच्या माथी मारत नाही.

मागे काय झाले ते मला मिस्त्रीच्या पोऱ्याकडून तुकड्यातुकड्याने कळले. मास्तरांनी 'डा' आणि 'उ' हे दोन्ही पुठ्ठे उचलले. एकावर एक ठेवले. एक पालथा केला, परत ठेवला. कडा तंतोतंत जुळल्या. मास्तरांना फार आनंद झाला. तीस वर्षे फळ्यावर जे शिकवले ते सहा मिलिमीटर प्लेटच्या दुनियेत खरे ठरले होते. "मिस्त्री, हे दोन नाहीतच! एकच आहे. एकरूप आकृती! एकच साचा पुरे." आणि 'उ' लिहिलेला पुठ्ठा त्यांनी चहाच्या ग्लासाखाली घातला.

दुसऱ्या दिवशी ग्लासाचा गोल डाग पडलेला तो पुठ्ठा मी स्वतः पाहिला. डाग बरोबर 'उ' वर होता.

दोन डावे हातात घेऊन मी उभा, मिस्त्री गप्प, मास्तर प्रसन्न.

"मास्तर, हे दोन्ही डावे झाले."

"झाले तर झाले. उलटा कर एक."

"उलटा केला तर टेकू चेसिसच्या अंगात घुसतात."

"अरे, कसोटी लाव. बाबाबा. बाकोबा. कोबाको. कुठलीही लाव. एकरूप आहेत की नाहीत?"

बाकोबा! बाजू-कोन-बाजू! पस्तीस वर्षांनी हा शब्द कानावर पडला आणि माझ्या पोटात नववीच्या सहामाहीचा गोळा आला. लहानपणी मला बाकोबा हा अंधाऱ्या माजघरात राहणारा कोणीतरी वाटायचा. पण या वेळी मी हटलो नाही. म्हटले, "मास्तर, कागदावर पलटता येतं. ही प्लेट आहे, तिला पुढे कान आलाय. तुमच्या पायांचं बघा. डावी चप्पल, उजवी चप्पल, एकमेकींसारख्या आहेत की नाहीत? पण डावी उजव्या पायात घालता का?"

उदाहरण बिनतोड होते. रात्री झोप लागेना तेव्हा मीच घडवले होते. मास्तर खाली बघू लागले. मीही बघितले. मिस्त्रीने वेल्डिंगची काच वर करून बघितले.

मास्तरांच्या पायात दोन्ही चपला डाव्या होत्या.

"देवळातून कोणी तरी बदलून नेली," मास्तर म्हणाले. "सहा महिने झाले. काही होत नाही."

मिस्त्री हसला. चार महिन्यांत मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिले आणि तेही माझ्यावर.

इथून पुढे मला विनोद सुचत नाही, कारण पैसे माझे गेले. तिथे काम किलोच्या भावाने होते. इसवण मासळी कापून तराजूत टाकावी तसे ब्रॅकेट काट्यावर गेले. दोन मिळून साडेतीन किलो, दर एकशे ऐंशी, झाले सहाशे तीस. उजवा नव्याने करायचा त्याचे परत तीनशे पंधरा. चूक कोणाची, हा प्रश्न काट्यावर बसत नाही. मी म्हटले, "साच्यावर लिहून दिलं होतं." मिस्त्री म्हणाला, "मास्तर म्हणाले एकच." मास्तर म्हणाले, "मी फक्त सुचवलं." गोव्यातल्या अर्ध्या कामांची फाइल या तीन वाक्यांत बंद होते.

आणि नवा उजवा तरी धड व्हावा? त्याने भोके ड्रिलने मारलीच नाहीत. वेल्डिंगच्या कांडीनेच जाळून पाडली. बारा मिलिमीटरचे भोक सांगितले होते, त्याला बकरीच्या डोळ्याचा आकार आला. वर, टाके एका दमात एकाच बाजूने ओढले. लोखंड तापते तेव्हा पसरते आणि टाका थिजताना प्लेटला आपल्याकडे ओढून घेतो. म्हणून आधी टॅक, म्हणजे ठिपक्यांचे टाके, मारायचे, शिकंजात धरायचे, मग थोडे इकडून, थोडे तिकडून, असे करायचे असते. हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. टिपरच्या हौद्याला तो हे सगळे करायचा. मी गुण्या लावून दाखवला: काटकोनात तीन अंशांची खोट. शंभर मिलिमीटर उंचीला पाच मिलिमीटर वाकडे.

"गेटाला चलता," मिस्त्री म्हणाला.

हेच ते. हेच मला अजून टोचते. गेटाला चालते, ग्रिलला चालते, शेडला चालते, म्हणून सगळ्याला चालते. चांगला हात होता त्या माणसाचा. त्याचे काम गेले ते गेले, पण जाताना मापही घेऊन गेले. त्याची दोन्ही पोरे वेर्ण्याला कंपनीत आहेत, दुसरे कोणी शिकायला तयार नाही आणि त्याच्या शेजारी दिवसभर बसून ऐकणारा फक्त एक मास्तर आहे. त्यावर मी भांडण करावे तर कोणत्या तोंडाने? मी तो ब्रॅकेट घरी नेऊन शिकंजात पिळला, कानशीने भोके गोल केली. तीन संध्याकाळी गेल्या. अंगठ्याची साल गेली. त्यावर हळद लावताना आई म्हणाली, "तापलेला रॉड हाताने धरतात होय?"

राहिला जास्तीचा डावा. तो मी मिस्त्रीपुढे टाकला. मास्तरांनी उचलला, हातात तोलला, आणि विचारले, "भंगारात काय भाव?" तीस. पावणेदोन किलोचे साडेबावन्न. मास्तरांनी सदऱ्याच्या खिशातून पन्नासची नोट काढली, "अडीच रुपये राहू देत" असे स्वतःच जाहीर केले आणि नोट मिस्त्रीला दिली. मिस्त्रीने ती खिशात घातली. प्लेट माझ्या पैशांची, मजुरी माझी, चूक त्या दोघांची, आणि नोट दुकानाची. मी काही बोललो नाही. पन्नास रुपयांवरून भांडणारा माणूस म्हणून डिचोलीत नाव व्हायला नको, एवढ्यासाठी. आज वाटते व्हायला हवे होते.

परवा चवथीला मास्तरांनी आरतीला बोलावले. नाही कसे म्हणणार? घरात पाय ठेवायला जागा नव्हती, घुमट आणि शामेळ ही वाद्ये कडकडत होती, आणि गणपतीच्या वर माटोळी, म्हणजे फळाफुलांनी लगडलेली टांगती चौकट. यंदा कला आणि संस्कृती खात्याच्या माटोळी स्पर्धेत उतरायचे म्हणून मास्तरांनी तिला अक्षरशः बागायत लटकवली होती. नारळांच्या पेंडी, ओल्या सुपाऱ्यांचे घोस, केळ्यांचा अख्खा घड, तोरिंजने, आंबाडे, लालभडक कवंडळे. दरवर्षीची लाकडी चौकट, पण एवढ्या ओझ्याला जुन्या खुंट्या पुरणार नव्हत्या. म्हणून एका कोपऱ्याला, तुळईत चार बोल्टांनी घट्ट बसवलेला, सहा मिलिमीटर प्लेटचा, दोन टेकूंचा, लांबट भोकाचा ब्रॅकेट. त्याला शेंदरी रंग दिला होता. त्या लांबट भोकात सुंभाची गाठ सरकवून माटोळी थोडी मागेपुढे करता येत होती.

मी आरती म्हणत होतो आणि टाका बघत होतो. सरळ होता. माझ्याकडच्या दोन्हींपेक्षा सरळ.

आरती संपल्यावर मास्तर प्रसाद घेऊन आले. पायात काही नव्हते, म्हणून ते बघता आले नाही. वर बोट करून म्हणाले, "बाबा, फार उपयोगी पडला. पण या कोपऱ्याला आहे, तसा पलीकडच्या कोपऱ्याला एक पाहिजे. तिथे हा बसत नाही. टेकू भिंतीत जातो." मग आवाज खाली आणून विचारले, "तुझ्याकडे तो उजवा आहे ना?"