नामंजुरीच्या पत्रात कारण कुठे आहे?

बांधकामाचा प्रस्ताव नामंजूर झाला की अर्जदार आधी वास्तुविशारदाला बोल लावतो, मग ओळखीपाळखी शोधतो, आणि अपिलाचे त्याच्या मनात येते तेव्हा मुदतीतले बरेच दिवस उलटलेले असतात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, 1966 च्या कलम 47 प्रमाणे निर्णय कळवल्यापासून 40 दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. माझी तक्रार मुदतीविषयी नाही. ज्या पत्राविरुद्ध हे अपील करायचे, त्या पत्राविषयी आहे.

परवानगी नाकारताना कारणे नमूद करणे कलम 45 ने नियोजन प्राधिकरणावर, म्हणजे महापालिकेसारख्या परवानगी देणाऱ्या संस्थेवर, बंधनकारक केले आहे. प्रत्यक्षात मात्र 'प्रस्ताव प्रचलित नियमावलीशी सुसंगत नसल्याने नामंजूर करण्यात येत आहे' एवढे एकच वाक्य, खाली सही-शिक्का आणि जावक क्रमांक, अशी पत्रे हाती पडतात. सामासिक अंतर (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) कमी पडते की पोचरस्त्याची रुंदी, चटई क्षेत्र (सर्व मजल्यांचे मिळून बांधकाम) जास्त दाखवले आहे की मोजणी नकाशातील हद्द जुळत नाही, यांपैकी कशाचाही त्यात उल्लेख नसतो. अशा वेळी वकिलाने अपिलात खोडून काढायचे तरी काय? खरी कारणे मग सुनावणीच्या वेळी, प्राधिकरणाच्या लेखी म्हणण्यात प्रथमच उगवतात. आदेशाची वैधता त्यात लिहिलेल्या कारणांवरूनच ठरते, मागाहून प्रतिज्ञापत्रातून नवी कारणे जोडता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मोहिंदर सिंग गिल प्रकरणात 1977 सालीच सांगितले आहे. हा मुद्दा पहिल्याच सुनावणीत आग्रहाने मांडायला हवा.

60 दिवसांत निर्णय न कळवल्यास परवानगी मिळाल्याचे मानले जाते, यावर विसंबणाऱ्यांचे मला नवल वाटते. प्रस्ताव नियमांत काटेकोरपणे बसत असेल तरच ही मानीव परवानगी लागू होते, आणि तो बसतो की नाही यावरच तर वाद असतो. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात याउलट, ठरलेल्या मुदतीत उत्तर न आल्यास अर्ज नाकारला असे धरतात आणि अर्जदाराला जमीन व पर्यावरण न्यायालयात दाद मागता येते. ऐकायला हे कठोर वाटले, तरी मला तेच अधिक सोयीचे दिसते.

आपल्याकडे विकास आराखडा मंजूर करणारे शासनच अपीलही ऐकते. त्याच्या आदेशाला कलम 149 मुळे दिवाणी दाव्यात आव्हान देता येत नाही. उरते ती उच्च न्यायालयातील रिट याचिका, आणि नकाशातील मापांच्या वादात न्यायालय सहसा शिरत नाही. म्हणून तांत्रिक सदस्य असलेले स्वतंत्र न्यायाधिकरण हवे, या मताचा मी आहे. तोवर अर्जदाराने पत्र पाकिटासह जपून ठेवावे, नेमक्या कोणत्या विनियमाचा भंग होतो हे लेखी विचारून पोच घ्यावी, मात्र त्या उत्तरासाठी अपील अडवून ठेवू नये.