नाकापेक्षा इंजिन जड

“मी गॅस इंजिन घेतोय,” असं एका रविवारी सकाळी मी घरात जाहीर केलं आणि तिथेच पहिली चूक झाली.

बायको पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता तिने विचारलं, “सिलेंडर मावणार का तुमच्या विमानात? की ओट्यापासून नळी सोडायची?”

अमेरिकेत पेट्रोललाच गॅस म्हणतात आणि मोठ्या आरसी, म्हणजे रिमोटने उडवायच्या, विमानांच्या छंदात तोच शब्द रुळलाय, हे मी तिला समजावून सांगितलं. “मग सरळ पेट्रोल म्हणा ना. मराठी माणसाने मराठीत बोलावं,” ती म्हणाली. मी गप्प बसलो. पोळ्या अजून व्हायच्या होत्या.

विमान टायगर मॉथ. खऱ्या टायगर मॉथने पहिलं उड्डाण केलं २६ ऑक्टोबर १९३१ रोजी. एकावर एक दोन पंख, मध्ये खांब, आडव्यातिडव्या तारा, पुढेमागे दोन उघड्या बैठका. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांच्या फौजाच्या फौजा त्यावर शिकल्या, आपल्या हवाई दलातल्याही. त्याचा पंख २९ फूट ४ इंच. माझं मॉडेल चौथाईचं, म्हणजे ८८ इंच. मुलगा नोकरीसाठी बेंगळुरूला निघाला तेव्हा त्याच्या आईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्या डोळ्यांत त्याच्या खोलीची लांबी.

त्या खोलीत दोन वर्षं मी वजनाशी भांडलो. पंखांच्या बाल्साच्या (हे हलकं लाकूड) बरगड्यांना भोकं पाडली, गोंद टूथपिकने लावला, पॉलिश पेपर मारून मारून माझ्या बोटांचे ठसे गेले. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पहिल्याच महिन्यात माझ्या खोलीत मुक्कामाला आला तो आलाच. “आज सात ग्रॅम वाचले,” असं मी जेवताना सांगायचो. “विमानाचे राहू देत,” बायको म्हणायची आणि भाताची दुसरी मूद माझ्या पानापासून लांब न्यायची.

तेव्हा इंजिन घ्यायचं ते हलकंच, हे मनाशी पक्कं होतं. पक्कं नव्हतं ते बाकी सगळं.

आम्ही उडवतो सासवडच्या पुढे, एका मित्राच्या माळावर. लोहगावला विमानतळ आणि हवाई दल, खडकवासल्याला एनडीए. ड्रोनच्या सरकारी नकाशावर मनाईचं लाल आणि परवानगीचं पिवळं टाळत, मोकळं हिरवं शोधत गेलं की पुणेकर आपोआप सासवडच्या रस्त्याला लागतो. आता पुरंदरलाही विमानतळ होणार म्हणतात. आम्ही कुठेही गेलो तरी मोठी विमानं आमच्या मागावर असतात.

तर त्या माळावर मी विषय काढला. काढायला नको होता. एका निवृत्त सुभेदारांचं म्हणणं, फोर स्ट्रोकच. “टायगर मॉथने बुलेटसारखं बोलायला पाहिजे, रिक्षासारखं नाही.” ते स्वतः दर रविवारी अर्धा तास टॅपेट सेट करतात आणि मग दहा मिनिटं उडवतात, हे मी बोललो नाही. दातांच्या डॉक्टरांचं मत, समोरासमोर सिलेंडर असलेलं ट्विन घ्या, एक पिस्टन इकडे गेला की दुसरा तिकडे, थरथर आपसांत मिटते. एका सिलेंडरचं पेट्रोल इंजिन असं हलवतं की सर्व्होचे, म्हणजे शेपूट-पंखांच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरींचे, स्क्रू सैल होतात, हे खरंच आहे. पण ट्विनची किंमत ऐकून माझेच स्क्रू सैल झाले. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला एक पोरगा म्हणाला, “काका, इलेक्ट्रिक टाका की. ना आवाज, ना घाण.” त्याला मी काही उत्तर दिलं नाही. आवाज न करणारं टायगर मॉथ म्हणजे पिठाच्या गिरणीत मिक्सर लावून बसणं. शेवटी ज्याचा माळ तो मित्र म्हणाला, “माझं गवत कापायचं मशिन पडलंय. बावन्न सीसी. काढ त्याचं इंजिन.” सगळे हसले. पण ही विमानाची बरीचशी इंजिनं अशाच गवत आणि झाडं कापायच्या यंत्रांच्या कुळातली आहेत, कार्बोरेटरसुद्धा तोच. ते कुळ आम्ही चारचौघांत सांगत नाही, इतकंच.

घरी बाबांनी वेगळाच मुद्दा काढला. त्यांचं वय चौऱ्याऐंशी आणि त्यातली तीस वर्षं चेतकवर गेलेली.

“किती सीसी म्हणालास?”

“तीस ते चाळीस बघतोय.”

“अरे, पन्नास सीसीच्या लुनावर माणूस बायको आणि दळणाचा डबा घेऊन पर्वतीच्या चढापर्यंत जायचा. तुला कोण बसवायचंय त्यात?”

मग मी कागद घेऊन बसलो. खांब आणि तारा यांमुळे बायप्लेन हवेला फार अडतं. त्याला वेग नको असतो, ओढ हवी असते. म्हणून नाकावरचा पंखा, म्हणजे प्रॉपेलर, मोठा आणि त्याचा पीळ कमी. २० बाय ८ चा पंखा म्हणजे २० इंच व्यास, आणि एका फेरीत हिशेबाने ८ इंच पुढे. मिनिटाला ७००० फेरे धरले तर पंख्याचं टोक ताशी साडेसहाशे किलोमीटरच्या वर फिरतं आणि विमान मात्र ताशी ८५ च्या पुढे जायचं नाव घेत नाही. बाबांनी आकडा दोनदा तपासला. “म्हणजे धावपळ सगळी टोकाला आणि घर जागच्या जागी,” ते म्हणाले आणि माझ्या खोलीकडे बघत राहिले. मग विचारलं, “पेट्रोलमध्ये तेल किती?”

“नवीन असताना तीसास एक. लिटरला तेहतीस मिली.”

“आम्ही वीस टाकायचो. तुला काय डास मारायचेत?”

पेट्रोलचं प्रकरण मात्र बाबांच्या काळात नव्हतं. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि कार्बोरेटरमधला रबरी पडदा कडक करतं. म्हणून काही जण पेट्रोलमध्ये पाणी घालतात. खरंच. इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यात जातं, खाली बसतं आणि वरचं पेट्रोल अलगद काढून घेता येतं. पंपावर बाटलीत देत नाहीत, तेव्हा मी स्कूटरची टाकी भरली, घरी येऊन नळीने काढलं आणि गॅलरीत काचेच्या नळकांड्यात प्रयोग केला. वीस मिली पाणी घातलं. खालचा थर बघता बघता चाळीसच्या आसपास गेला. जन्मभर दूधवाल्याला नावं ठेवलेल्या घरात मी पाणी घालून शुद्धता वाढवत होतो.

इंजिन घेण्याआधी सुटे भाग मिळतात का ते बघावं, हा पुणेरी नियम. म्हणून नाना पेठेत गेलो. दुकानदार मोबाइलमध्ये बघत होता.

“कार्बोरेटरचा डायफ्राम मिळेल?”

“गाडी कुठली?”

“टायगर मॉथ.”

“हिरोची?”

“नाही, द हॅविलंडची.”

“मॉडेल?”

“एकोणीसशे एकतीस.”

त्याने पहिल्यांदा मान वर केली. “जुना बाजार. बुधवारी आणि रविवारी. कुंभारवेशीपाशी विचारा.” आणि मान खाली.

याच सुमारास दातांच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या कपाटात एक जुनं जपानी झेनोआ इंजिन होतं, ३८ सीसी, मॅग्नेटोवालं. म्हणजे ठिणगी स्वतःच तयार करणार, इग्निशनला वेगळी बॅटरी नको. “पडूनच आहे, घेऊन जा, काय द्यायचं ते द्या,” ते म्हणाले. मी हातात घेतलं आणि परत ठेवलं. असला धोंडा? मी एकेका ग्रॅमसाठी रात्री जागलोय. “डॉक्टर, तुमचे उपकार आहेत, पण फार जड आहे हो,” मी म्हणालो, आणि ९०० ग्रॅमच्या आसपासचं एक देखणं, नव्या पद्धतीचं तीस सीसीचं इंजिन मनात नक्की केलं.

पैसे पाठवायच्या आदल्या संध्याकाळी, सहज म्हणून, मी विमानाचा तोल बघितला.

आमच्या हॉलमध्ये झोपाळ्याच्या कड्या आहेत. झोपाळा काढला आणि वरच्या पंखावर जिथे तोलाची खूण केली होती तिथे दोन सुतळ्या बांधून विमान टांगलं. इंजिन सोडून सगळं बसवलेलं होतं. हात काढला आणि विमानाने शेपूट टेकून अशी बैठक मारली की जणू आता कुणी बिस्कीट टाकणार आहे. टायगर मॉथचं नाक आखूड आणि शेपूट लांब. हे मला १९३१ पासून माहीत असायला हवं होतं. शेपूट जड असलेलं विमान एकदाच उडतं, असं आमच्या माळावर म्हणतात.

नाकाशी, इंजिन येणार त्याच जागी, मी एक कापडी पिशवी लटकवली आणि स्वयंपाकघरातून वजनं आणायला लागलो. एक किलो तूरडाळ. शेपूट हललं नाही. अर्धा किलो साबुदाणा. शेपूट उचललं, पण थकल्यासारखं. पाव किलो शेंगदाणे टाकले आणि सात फुटी विमान हळूच वळत, अगदी सपाट, हॉलच्या मधोमध उभं राहिलं. बाबा टीव्ही बंद करून बघत होते. मलाही जरा भरून आलं.

“वजन करून घे,” बाबा म्हणाले.

“पाकिटावर छापलंय ना. एक, अर्धा, पाव. पावणेदोन किलो.”

हिशेब सरळ होता. हलकं इंजिन त्याच्या सायलेन्सर आणि बॅटरीसकट सव्वा किलोच्या आसपास जाणार होतं. म्हणजे दोन वर्षं सात-सात ग्रॅम वाचवून मी आता नाकात अर्धा किलो शिसं ओतणार. आणि झेनोआ, सायलेन्सर आणि माउंट धरून? पावणेदोन किलो. जवळजवळ काट्यावर काटा.

रात्री नऊ वाजता डॉक्टरांना फोन केला. “ते धोंडा म्हणालात तेच ना?” त्यांनी विचारलं. मी ‘धोंडा’ मोठ्याने म्हणालो होतो हे मला तेव्हा कळलं. “बघतो हं. हल्ली त्याला मागणी आहे.” सकाळी पडून असलेल्या वस्तूला रात्रीपर्यंत मागणी आलेली असणं हा पुण्यात चमत्कार नाही. शेवटी मी जे पैसे दिले त्यात माझ्या दोन दाढा झाल्या असत्या.

इंजिन बसवायला तीन रविवार लागले. खऱ्या टायगर मॉथचं इंजिन चार सिलेंडरचं, एका रांगेत आणि उलटं टांगलेलं, म्हणून त्याचं तोंड निमुळतं. माझंही उलटं टांगलं, तरी सायलेन्सरसाठी रंगवलेल्या काउलला, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाला, भोक पाडावंच लागलं. ते मी डोळे मिटून पाडलं आणि तसंच दिसतं. मग पुन्हा झोपाळा उतरला, सुतळ्या बांधल्या, बाबांना बोलावलं, हात काढला.

नाक खाली गेलं. चांगलंच गेलं. गवत हुंगतंय असं.

मी सुतळ्या तपासल्या, खूण तपासली. बायको दाराशी उभी होती.

“त्या दिवशी तुम्ही साबुदाण्याचं कुठलं पाकीट घेतलं होतं? क्लिप लावलेलं?”

“हो.”

“त्यातला मी चतुर्थीला काढला होता की. दीड वाटी.”

“दीड वाटी म्हणजे किती ग्रॅम?”

“ते मला कसं कळणार? काटा तुमच्या खोलीत आहे. दोन वर्षं.”

बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी टीव्ही लावला.

शेपूट तोलाच्या खुणेपासून इंजिनाच्या साधारण तिप्पट लांब आहे, तेव्हा तिथे एक तृतीयांश वजनात काम भागतं. दुसऱ्या दिवशी बोहरी आळीत गेलो.

“शिसं आहे का?”

“आहे. किती देऊ?”

“अर्धी वाटी,” मी म्हणालो.