सोवळी शेगडी

गोव्यात घरात फायरप्लेस बसवणारा मी पहिला नसेन, पण फोंड्याजवळच्या आमच्या वाड्यावर तरी पहिलाच. "थंडी खंय आसा?" असे ती बसवायला आलेल्या मेस्ताने, म्हणजे गवंड्याने, विचारले, तेव्हा मी त्याला चहा दिला. डिसेंबरच्या पहाटे पारा विसाच्या आसपास आला की आम्ही कपाटातून कानटोप्या शोधतो, एवढीच आमची थंडी.

शेगडी थंडीसाठी नव्हतीच. ती माझ्या पँटींसाठी होती. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा माझ्या कंबरपट्ट्यात मुक्कामाला येतो. चार दिवस दोरीवर राहून पँट वाळत नाहीच, वर तिला कुबट वास येतो. लग्नातल्या बुटांवर हिरवी लव धरते. मनालीच्या सहलीत हॉटेलात बुखारी, म्हणजे लाकडावरची लोखंडी शेगडी होती. रात्री बर्फात भिजलेले मोजे सकाळी पापडासारखे कडक! तिथेच डोक्यात किडा शिरला.

शेगडी आली ती बिडाची, काचेच्या दाराची, 'स्वच्छ ज्वलना'ची. धूर म्हणजे न जळलेले लाकूडच. या शेगडीत वरच्या छिद्रांतून तापलेली हवा आत येते, धुरातले वायू तिथे पुन्हा पेटतात आणि चिमणीतून जवळजवळ काहीच निघत नाही. हे मी आईला समजावले. ती म्हणाली, "आणि न्हाणीघरातल्या पाणी तापवायच्या भाणाखाली मी चाळीस वर्षे काय जाळते?"

मेस्ताची आणि माझी खरी जुंपली ती चिमणीवरून. नियम असा, की ती छपरातून निघते तिथून ३ फूट वर हवी, शिवाय १० फुटांच्या आत छपराचा जो भाग येईल त्याच्यापेक्षा २ फूट उंच. मेस्ताने टेप सोडून परसातल्या माडाकडे पाहिले. "पात्रांव, माड पण धरूं?" शेवटी दुपदरी, मध्ये उष्णतारोधक भरलेला स्टीलचा पाइप कौलांतून वर गेला. वासे आणि रीपा त्याच्यापासून लांब सरकवल्या, खाली लाद्यांचा ओटा केला, पाइपवर टोपी बसवली. या टोपीवर पहिल्याच दिवशी कावळा बसला. वाड्याने तो शकुन मानला. कसला, ते मला कोणी सांगितले नाही.

पहिल्या पेटवणीला काच दहा मिनिटांत काळी झाली. लाकूड मी परसातलेच घेतले होते. ओलावा मोजायचे यंत्र ताज्या फोडीला टोचले तर ३८ टक्के! हवा होता विसाच्या आत. ओले लाकूड जळत नाही, उकळते. सगळी आच पाणी उडवण्यात जाते आणि चिमणीत डांबरासारखा थर बसतो. तो थर एक दिवस स्वतःच पेट घेतो, म्हणून चिमणी झाडावी लागते. शेजाऱ्यांनी काजूच्या टरफलांचे पोते आणून दिले. त्या टरफलांत कातडीला फोड आणणारे तेल असते, हे विसरून मी मूठभर टाकली. त्या संध्याकाळचा उल्लेख आमच्या घरी आजही होत नाही.

शहाणपण मिळाले ते फेणीच्या भट्टीवरच्या एका म्हाताऱ्याकडून. त्याने दोन फाटी उचलून एकमेकांवर आपटल्या. "ठण्ण वाजलें जाल्यार लाकूड. थप्प वाजलें जाल्यार ती भाजी." गेल्या वर्षी फोडून ठेवलेली त्याची लाकडे मी घेतली. यंत्र म्हणाले १६. मग पुस्तकी पद्धतीने जाड लाकडे खाली, बारीक काटक्या वर आणि काडी सगळ्यात वर लावली. आईने कपाळाला हात लावला. "आग खालून वर जाते, हे शाळेत नाही शिकवलं?"

पेटली मात्र झकास. दहा मिनिटे. मग धूर दाराच्या फटीतून उलटा खोलीत यायला लागला आणि भिंतीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा किंचाळला. त्या वायूला रंग नाही, वास नाही, म्हणून तो भोंगा हवाच. दारे उघडून आम्ही पाचही जण बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत आलो. पाऊस आडवा मारत होता. समोरच्या काकींनी विचारले, "किते जालें गो?" बायको निथळत म्हणाली, "कपडे वाळवतोय."

असे आषाढभर चालले. श्रावण लागला आणि शेगडी गुणी झाली! काच स्वच्छ, ज्वाळा हवेत तरंगताहेत, तीन फुटांवरच्या दोरीवर पँटी दुपारपर्यंत कोरड्या. मी लोकांना लाकूड रचण्याचे शास्त्र सांगत हिंडलो. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच ठेवा, निखारे दिवसेंदिवस जिवंत राहतात, हेही सांगायचो. आईने अबोलीसाठी प्लास्टिकच्या टबात राख काढली होती, त्या टबाचे भोक मी पुरावा म्हणून दाखवत असे.

चवथ झाली, गणपती गेले, घरात मासे आले, आणि धूर परत आला.

दोन दिवस मी चिमणीत डोके घालून बसलो. तिसऱ्या दिवशी बायको बांगडे तळत होती. तिने पंखा बंद केला आणि माझ्या शेगडीचा धूर मुकाट वर गेला. तिने पंखा लावला, धूर खोलीत.

घराला दोन वर्षांपूर्वी सरकत्या काचा आणि कौलांखाली सिलिंग केले होते. स्वयंपाकघरातला तो दांडगा पंखा हवा बाहेर फेकणार, तर घर ती आत घेणार कुठून? सगळ्यात मोठे भोक होते माझी चिमणी. जून-जुलैत मासेमारीबंदी, म्हणून रोज सुके बांगडे भाजले जायचे आणि त्या वासासाठी पंखा पूर्ण वेगात. श्रावणात घरात फक्त भाज्या; पंखा कोणी लावलाच नाही. माझे शास्त्र म्हणजे मुगागाठीची उसळ होती.

"तळताना खिडकी उघडी ठेवू," मी म्हणालो. उघडली. पाऊस आत आला आणि दोरीवरच्या पँटी भिजल्या.

आता भिंतीवर कालनिर्णय आहे, त्यावर बायकोने लाल पेनाने खुणा केल्या आहेत. सोमवार, गुरुवार, एकादशी, संकष्टी. काल तिने धुण्याची बादली बाजूला सारली. "आज बुधवार. तुझी पँट उद्यावर."