रेड्यांची झुंज म्हणे!

आमच्या नागपूरच्या लेआउटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, मैदानावरून सध्या वाद पेटला आहे. शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या एका तरुण शिक्षकांनी तिथे आठवड्यातून दोनदा सकाळी मुलामुलींना रग्बी शिकवण्याची परवानगी मागितली. २०२५च्या जूनमध्ये मुंबईत सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग झाली, ती पाहून काही पोरे आधीच त्यांच्या मागे लागली होती. रहिवाशांची बैठक भरली आणि अपेक्षेप्रमाणे सगळे मुद्दे निघाले: हा साहेबाचा खेळ आहे, तो रानटी आहे, त्यात भविष्य नाही, आणि मुलींना तर तो अजिबात नको. अशा बैठकांचे कोणीही न निवडलेले अध्यक्ष म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. त्यांनी फोनवर मला सगळा वृत्तान्त ऐकवला आणि शेवटी विचारले, "तू तर तिथंच राह्यतो बाप्पा, तूच सांग. रेड्याच्या झुंजीत आपल्या पोट्ट्यांनी काय शिकावं?"

तिथं म्हणजे न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला. दादांना मी उलट उत्तर देत नाही. आमच्या घरात तशी पद्धत नाही. म्हणून हा लेख.

साहेबाच्या खेळाचा आक्षेप मला सर्वांत आधी खुपला, कारण तो घेणारी माणसे जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमचे तिकीट मिळावे म्हणून सगळ्या ओळखीपाळखी धुंडाळणारी आहेत. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा रणजी करंडक जिंकला, तेव्हा कोणाला साहेब आठवला नाही, आणि आठवण्याचे कारणही नव्हते. उलट रग्बीच्या एका जुन्या मानचिन्हात आपली चांदी आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सामन्यात दिला जाणारा कलकत्ता कप हा कलकत्त्यातल्या एका क्लबाने बंद पडताना, खात्यात उरलेले चांदीचे रुपये वितळवून घडवलेला आहे. त्याच्या तिन्ही मुठी नागांच्या आहेत आणि झाकणावर हत्ती उभा आहे. (क्लबातली फुकट दारू बंद झाल्यावर सभासद गळाले, असे सांगतात.) १८७९पासून हे दोन देश आपल्या रुपयांसाठी चिखलात लोळत आहेत, याची खरे तर दादांना गंमत वाटायला हवी होती.

रानटीपणाचा आक्षेप मात्र सहज झटकून टाकता येत नाही. दूरचित्रवाणीवर पाच मिनिटे पाहिले तर माणसांचा ढीग, त्याखाली कुठेतरी चेंडू आणि वर शिट्टी, एवढेच दिसते. जुलैतल्या शनिवारी सकाळी, नदीवरचे धुके अजून उठलेले नसताना, मी क्लबाच्या मैदानाच्या कडेला उभा राहून स्क्रम पाहतो. दोन्हीकडचे आठ-आठ जण एकमेकांच्या जर्सी मुठीत धरून वाकतात. पंच तीन टप्प्यांत आज्ञा देतात: वाका, धरा, भिडा. शेवटच्या आज्ञेसरशी खांद्यावर खांदा आदळल्याचा जो दबका आवाज येतो, तो बघ्याच्याही छातीत जाणवतो. सोळा अंगांतून वाफ निघत असते आणि त्या वाफेत पंच ओणवे होऊन कोणाचे कोपर जमिनीकडे गेले, कोण तिरका ढकलतो आहे, हे निरखत असतात. त्यांच्याशी निर्णयाबद्दल बोलण्याची मुभा फक्त कर्णधाराला, आणि तोही शंभर किलोंचा गडी "सर" म्हणून सुरुवात करतो. फुटबॉलमध्ये धक्का लागला नाही तरी गडाबडा लोळणारे आणि पंचांना घेराव घालणारे कोट्यधीश आपण कौतुकाने पाहतो, आणि क्रिकेटमध्ये बॅटची कड लागल्याचे स्वतःला पक्के ठाऊक असूनही खेळपट्टीवर निगरगट्ट उभा राहणारा फलंदाज आपल्याकडे व्यवहारचतुर ठरतो. रग्बीत लबाडी होत नाही असे मी म्हणणार नाही. स्क्रममध्ये भरपूर होते. पण दंगा करणारा माणूस शिट्टी वाजताच गप्प होतो, हे मुलांनी पाहण्यासारखे आहे.

शिवाय आपली कबड्डी ही रग्बीची सख्खी नसली तरी चुलत बहीण आहेच. सात जण एका चढाईवाल्याला घोट्याला आणि कमरेला धरून मातीत पाडतात, ते देशी आणि मर्दानी. मग पंधरा जणांनी गवतावर तेच केले की ते रानटी कसे होते, हे बैठकीत कोणी विचारले नाही.

मला या खेळात सर्वांत भावते ते म्हणजे शरीराच्या घडणीबद्दलचा त्याचा उदारपणा. स्क्रमच्या पुढच्या रांगेत मान नसलेले जाडजूड प्रॉप लागतात, लाइनआउटमध्ये, म्हणजे कडेबाहेरून आत फेकलेला, चेंडू झेलायला ताडमाड लॉक लागतात, कडेने पळायला चपळ विंगर लागतात, आणि या सगळ्यांच्या मध्ये स्क्रमहाफ म्हणून बहुधा एक बुटका, बडबड्या, सगळ्यांवर ओरडणारा पोरगा असतो. आमच्या लहानपणी लेआउटमधल्या जाड्या मुलाच्या नशिबी अंपायरगिरी नाहीतर नालीत गेलेला चेंडू काढणे एवढेच असे. इथे त्याला शोधत घरी येतात. इथल्या एका सामन्यात अशाच एका मुलाला मी मध्यंतरात संत्र्याची चौथाई फोड सालीसकट तोंडात धरून हसताना पाहिले, तेव्हा पहिल्यांदा मला हा खेळ आवडला. (संत्री इथे मध्यंतराला ठरलेलीच; आणि इतकी बेचव की नागपूरच्या माणसाने त्याबद्दल बोलू नये हेच बरे.)

"डोक्याचा खेळ पाहायचा तर आपल्या दिव्याचा पाहा," असेही कोणी तरी म्हणाले म्हणे. दिव्या देशमुखने २०२५ साली बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, याचा अभिमान हॅमिल्टनमध्ये बसलेल्या नागपूरकराला जरा जास्तच झाला, तेव्हा तो विषय मला नका शिकवू. पण रग्बीतही डोके लागते. २०१५च्या विश्वचषकात ब्रायटनला जपान दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २९-३२ असा मागे होता, वेळ संपत आली होती आणि पेनल्टी मिळाली. गोलावर किक मारून तीन गुण घेतले असते तर बरोबरी झाली असती आणि तीदेखील इतिहासात गेली असती. जपानच्या कर्णधाराने किक नाकारून स्क्रम मागितला, चेंडू एका कडेकडून दुसऱ्या कडेला फिरवला गेला आणि कोपऱ्यात ट्राय झाली, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला गेला: पाच गुण. ३४-३२. हा निर्णय पटावरच्या एखाद्या मोहऱ्याच्या बलिदानापेक्षा कमी विचाराचा होता, असे मला कोणी पटवून द्यावे. तो घेणारा कर्णधार मायकेल लीच हा जन्माने क्राइस्टचर्चचा, शाळकरी वयात जपानला गेलेला. रग्बीत ठरावीक वर्षे एखाद्या देशात राहिले की त्या देशाकडून खेळता येते. या नियमावर पुष्कळ टीका होते. मला तो फार आवडतो.

दुखापतींचा प्रश्न खरा आहे आणि तिथे माझी बाजू लंगडी पडते. २००३चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघातला, स्क्रमच्या पुढच्या रांगेत मधोमध खेळणारा हुकर स्टीव्ह थॉम्प्सन याला ऐन चाळिशीत स्मृतिभ्रंश झाला. आपण तो अंतिम सामना खेळलो हेच आपल्याला आठवत नाही, असे त्याने सांगितले आहे. त्यानंतर नियम कडक झाले, डोक्याला लागणाऱ्या टॅकलसाठी (चेंडू नेणाऱ्याला धरून पाडणे म्हणजे टॅकल) लाल कार्ड निघू लागले, आणि आमच्याकडच्या हौशी सामन्यांत टॅकल छातीच्या हाडाखालीच करावा लागतो. अगदी लहान मुले टॅकल करतच नाहीत. कमरेच्या पट्ट्याला लटकवलेली फीत ओढली की झाले. हे सगळे मी दादांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "आणि तिकडं पोट्ट्याचा खांदा निखळला तर पैसे कोण भरते?" मी म्हणालो, एसीसी, म्हणजे इथली सरकारी अपघात विमा योजना. "आणि इकडं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मेमध्ये पंचेचाळीस अंशांत भाजून निघालेल्या त्या मैदानाला भेगा पडतात आणि तिथे नुसते पडले तरी गुडघा सोलवटतो, हेही त्यांनी सांगितले. जसे काही मी ते विसरलो आहे.

भविष्याचा मुद्दा ऐकून मात्र मला हसू आले. १८९५ साली हडर्सफील्डला जमलेल्या उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली, ती खाणीत आणि गिरणीत राबणाऱ्या खेळाडूंना सामन्यासाठी बुडालेली मजुरी भरून मिळावी म्हणून. तेरा जणांची रग्बी लीग त्यातून जन्मली. पंधरा जणांच्या रग्बीने खेळाडूंना उघडपणे पैसे देण्यासाठी १९९५पर्यंत वाट पाहायला लावली. म्हणजे खाणकामगाराच्या घरातून मैदानाकडे जाणारी वाट तिथेही सोपी नव्हती. खापरखेड्याच्या बाजूचा, कोळसा खाणीत राबणाऱ्या बापाचा मुलगा उमेश यादव भारताकडून कसोटी खेळला, तेव्हा कोणत्या बैठकीने त्याचे भविष्य आधी ठरवले होते? आणि भुवनेश्वरच्या निवासी शाळेत शिकणाऱ्या ओडिशातल्या आदिवासी मुलांनी २००७ साली लंडनला जाऊन चौदा वर्षांखालची शालेय रग्बी स्पर्धा जिंकली, ती काय साहेबाची मुले होती?

मुलींबद्दल तर मी बोलतच नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये ईडन पार्कवर न्यूझीलंडच्या महिलांनी इंग्लंडला ३४-३१ असे हरवून विश्वचषक जिंकला तेव्हा बेचाळीस हजारांहून अधिक लोक स्टेडियममध्ये होते. आमच्या लेआउटमध्ये अजून मुलीने मैदानात धावताना ओढणी घ्यावी की नाही, यावर मत असणारे काका आहेत.

इथे सगळे आलबेल आहे असा माझा दावा नाही. वर्णभेद पाळणाऱ्या दक्षिण आफ्रिकेचा संघ १९८१ साली दौऱ्यावर आला, तेव्हा याच हॅमिल्टनमध्ये निदर्शक कुंपण पाडून मैदानाच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि सामना रद्द झाला. सामना बुडाला म्हणून चिडलेल्या प्रेक्षकांनी नंतर त्यांतल्या अनेकांना चोपले. घरेच्या घरे त्या दौऱ्यावरून दुभंगली. मैदानावर काय व्हावे यावर भांडायचे तर इतक्या मोलाच्या गोष्टीसाठी भांडावे, एवढेच माझे म्हणणे आहे. सकाळी फिरायला येणाऱ्यांचा ट्रॅक खराब होईल म्हणून नव्हे.

आता जे दादांना सांगितलेले नाही ते इथे लिहितो. मी रग्बी कधी खेळलेलो नाही आणि या वयात खेळणारही नाही. १५ मार्च २०१६ रोजी, टी-ट्वेंटी विश्वचषकात, जामठ्यालाच न्यूझीलंडने १२६ धावा केल्या आणि भारताला ७९ धावांत गुंडाळले. चार बळी घेणारा मिचेल सँटनर आमच्या हॅमिल्टनचा. तीन बळी घेणारा ईश सोधी लुधियानात जन्मलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात स्मोकोच्या, म्हणजे चहाच्या सुट्टीच्या, वेळी सगळे माझ्याकडे पाहून हसत होते, प्रेमानेच, आणि विचारत होते, "तुझ्याच गावात ना रे?" संध्याकाळी दादांचा फोन आला. "तुमच्या लोकांनी आमाले पार धुतलं." एकाच दिवसात दोन्हीकडच्यांनी मला पलीकडच्या बाजूला उभे केले. तेव्हापासून भारत-न्यूझीलंड क्रिकेट सामना असला की मी घरात एकटाच पाहतो आणि निकालावर कोणाशी बोलत नाही.

रग्बीत तो पेच नाही. भारत पुरुषांच्या विश्वचषकाला अजून कधीच पात्र ठरलेला नाही. त्यामुळे वायकाटोच्या स्टेडियमवर मी इतरांसारखीच गायीच्या गळ्यातली घंटा घेऊन जातो, चीफ्स या आमच्या इथल्या व्यावसायिक संघासाठी ती जोरजोरात वाजवतो आणि कोणी माझ्याकडे चौकशीच्या नजरेने पाहत नाही. सलग तीन वर्षे, २०२३, २०२४ आणि २०२५मध्ये, चीफ्स सुपर रग्बी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हरले, तेव्हा शेजाऱ्यांनी माझ्याजवळ तेवढ्याच मोकळेपणाने शिव्या दिल्या, जेवढ्या एकमेकांजवळ. माझ्या या प्रेमात खेळाचा वाटा किती आणि या सोयीचा किती, याचा हिशोब मी टाळत आलो आहे. लेआउटमधल्या पोरांनी खरोखर रग्बी मनावर घेतली आणि कधीकाळी भारताचा संघ इथे येऊन उतरला, तर ही सोय संपेल, आणि तरीही मी त्यांची वकिली करतो आहे.

दादांना मी एवढेच कळवले आहे: पहिली दोन वर्षे टॅकल नको, फितीचाच खेळ घ्यावा; उन्हाळ्यात मैदान बंद ठेवून पाऊस पडून काळी माती भिजली की सुरुवात करावी; मुलांचा विमा उतरवल्याशिवाय कोणाला उतरू देऊ नये; आणि मुलींना वगळायचे असेल तर मुलांनाही परवानगी देऊ नये. विम्याचे पैसे कोण भरणार, असा त्यांचा उलट प्रश्न आला आहे. पहिल्या वर्षाचे मी पाठवतो, असे लिहून टाकले आहे.