हेडफोन २०० तास वाजवून ठेवा म्हणे!

व्हॉट्सॲपवर फिरणारा तो मेसेज एव्हाना तुमच्याकडेही आला असेल. नवा हेडफोन किंवा स्पीकर आणला की आधी २०० तास पिंक नॉइज, म्हणजे धबधब्यासारखा एकसुरी फुसफुसाट, लावून ‘बर्न-इन’ करा. तोवर बास गढूळ वाटला, आवाज चिरका वाटला तरी घाबरू नका, तो पुढे आपोआप खुलतो. केबल आणि ॲम्प्लिफायरलाही हेच लागू. नव्या बाइकला रनिंग-इन लागतं, तसंच हे. आणि शेवटी अर्थातच ‘सर्व ग्रुपवर पाठवा’. कोणीतरी तो माझ्या भाच्याला पाठवला आणि त्याचे पैसे अडकले, म्हणून हा खटाटोप.

आधी ते २०० तास घेऊ. चोवीसनं भागा. दिवसरात्र एक क्षण न थांबता वाजवलं तरी आठ दिवसांच्या वर जातात. ऑनलाइन घेतलेली वस्तू परत करायची मुदत बऱ्याचदा सात दिवसांची असते. आता कळलं? भाच्याच्या हेडफोनची डावी बाजू डबा उघडला तेव्हापासूनच मंद होती. गायिकेचा आवाज कपाळाच्या मध्यावर यायचा तो उजव्या कानाकडे सरकलेला. मी म्हटलं, आजच्या आज परत कर. तर म्हणे, ‘मामा, थांब ना जरा, अजून बर्न-इन कुठे झालंय?’ मग हेडफोन कपाटात टॉवेलमध्ये गुंडाळून फुसफुसत राहिला, मुदत उलटली, आणि डावी बाजू होती तितकीच मंद आहे. विक्रेता आता सर्व्हिस सेंटरचा पत्ता देतो. सदोष माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची इतकी सोपी युक्ती विक्रेत्यालाही सुचली नसती. इथे तर गिऱ्हाइकच ती एकमेकांना फुकट वाटत सुटलेत.

बरं, हा खुलण्याचा चमत्कार मोजला कोणी? शुअर कंपनी कित्येक वर्षं इयरफोन बनवते आहे. १९९७ मध्ये बाजारात आलेल्या आपल्या ई-१ मॉडेलचे भरपूर वापरलेले नग त्यांच्या अभियंत्यांनी पुन्हा मोजले आणि ‘वायर्ड’ मासिकाला निकाल सांगितला: कारखान्यातून निघताना मोजमाप जसं होतं, तसंच आजही आहे. २०० तास सोडा, वर्षानुवर्षं वाजवूनही फरक नाही. हे कोण सांगतंय बघा. ‘आमचा माल वापरावा तितका सुधारतो’ असं म्हणण्यात ज्यांचा फायदा होता, ते.

शिवाय एक साधी शंका. वापरानं भाग सैल पडत असतील तर काहींचा आवाज बिघडायलाही हवा. पण २०० तासांनंतर ‘पहिल्या दिवशी बरा होता हो’ म्हणणारा एकजणही का भेटत नाही? कारण तेवढ्या दिवसांत कान त्या आवाजाला सरावतो. पहिल्या दिवशी खुपलेला चिरकेपणा दहाव्या दिवशी जाणवेनासा होतो, आणि पहिला दिवस नेमका कसा होता हे कोणालाच नीट आठवत नसतं.

आता नाइलाजानं एक कबुली. मोठ्या स्पीकरच्या बाबतीत यात थोडं तथ्य आहे. पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला रीकोनिंग, म्हणजे स्पीकरचा फाटका पडदा बदलून देण्याचं काम, करणाऱ्याच्या टेबलावर उघडा पडलेला वूफर, म्हणजे बासचा मोठा स्पीकर, पाहा. कोनच्या, म्हणजे पुढच्या शंकूसारख्या पडद्याच्या, मागे पिवळसर, नालीदार कापडी चकती दिसेल. तो स्पायडर. रेझिनमध्ये भिजवून कडक केलेलं कापड असतं ते. कोन पहिल्यांदा जोरात आतबाहेर झाला की ते जरा सैल होतं आणि वूफरची रेझोनन्स फ्रीक्वेन्सी, म्हणजे ज्या सुराला तो आपसूक सर्वांत सहज थरथरतो तो सूर, थोडी उतरते. पण यातला बहुतेक बदल पहिल्या काही मिनिटांतच उरकतो. शिवाय वूफर बंद खोक्यात बसवला की कोनला आवर घालण्याचं बरंचसं काम आतली हवाच करते, त्यामुळे ऐकताना फारसं काही उरत नाही. बहुतेक हेडफोनमध्ये तर वेगळा स्पायडरच नसतो, प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. हां, कानावरच्या गाद्या महिन्या-दोन महिन्यांत मऊ होऊन नीट बसतात आणि बास थोडा बदलतो, हे खरं. पण गाद्या डोक्यावर घालून मऊ होतात, कपाटात ठेवून नाही.

केबलच्या बर्न-इनवर किती शाई वाया घालवायची? तांब्याच्या तारेत हलणारा भाग कुठला? ॲम्प्लिफायरचं म्हणाल तर काचेच्या नळ्यांचा जुन्या धाटणीचा व्हॉल्व्ह ॲम्प तापून स्थिर व्हायला थोडा वेळ घेतो, पण ते दर वेळी चालू केल्यावर, जन्मात एकदा नव्हे. आणि ती बाइक! इंजिनात पिस्टन रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर घासून बसतात, धातूला धातू लागतो. हेडफोनची व्हॉइस कॉइल, म्हणजे पडद्याला चिकटवलेलं तारेचं वेटोळं, चुंबकाच्या फटीत कशालाही न लागता हलते. तीही घासायला लागली तर आवाज खुलत नाही, खरखरतो.

‘काही कंपन्या स्वतःच बर्न-इन करायला सांगतात’ हा शेवटचा मुद्दा. सांगतात की. ग्राहकाचा कान सरावला की परत येणारा माल कमी होतो, त्यांनी का सांगू नये?

नवा हेडफोन आला की त्याच दिवशी एवढं करा. फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करून, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज जाईल असं करून, ओळखीचं गाणं लावा, मग हेडफोन उलटा घाला, डावा उजवीकडे. मंद बाजू दुसऱ्या कानाकडे गेली तर एकदा दुसऱ्या फोनवर खात्री करा आणि तिथेही तसंच असेल तर लगेच परतीची नोंद टाका. उलटा घालूनही मंदपणा त्याच कानात राहिला, तर हेडफोन ठेवून घ्या आणि कानाच्या डॉक्टरांची वेळ घ्या.