पट्ट्यांचा मुंबईकर अर्थ

वाहन चालवण्याचा परवाना मिळवताना पाठ केलेली रस्त्यावरील खुणांची माहिती मुंबईत फारशी उपयोगी पडत नसल्याने, तिचा स्थानिक अर्थ सुज्ञ वाचकांनी समजून घ्यावा.

प्रथम स्टॉप लाइन. लाल सिग्नलला वाहन या आडव्या रेघेच्या आत थांबवावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. आपण मात्र मागची चाके तिच्यावर येईपर्यंत पुढे सरकत राहावे, म्हणजे गाडीचे नाक आपोआप झेब्रा क्रॉसिंगवर पोचते. तेथून सिग्नलचा दिवा दिसत नाही, पण त्याची चिंता नको. तो हिरवा झाल्याची वर्दी मागची मंडळी हॉर्न वाजवून देतात, आणि तीही बहुधा दिवा बदलण्याच्या किंचित आधीच. दादर टीटीला एखाद्या आजीबाई एका हाताने नातवाचे मनगट धरून, दुसऱ्या हाताने भाजीची पिशवी बोनेटच्या वर उचलून, आपला बंपर आणि शेजारच्या मोटारसायकलचा तापलेला सायलेन्सर यांच्यामधून वाट काढताना दिसल्या, तर इंजिन जरा गुरगुरवावे, म्हणजे त्या लगबगीने जातात.

लेनचे गणित याहून गोड आहे. लेनची प्रमाण रुंदी साडेतीन मीटर आणि साधारण मोटारीची पावणेदोन मीटर, म्हणजे निम्मी जागा चक्क वाया जाते. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्याला बसवणाऱ्या शहराला ही उधळपट्टी कशी परवडावी? म्हणून पश्चिम द्रुतगती महामार्गावर तुटक रेघ दोन चाकांच्या बरोबर मध्ये घेऊन चालावे, म्हणजे दोन्ही लेनवर आपला हक्क शाबूत राहतो. अखंड रेघ ओलांडू नये, असा नियम आहे. अखंड आणि तुटक रेघा शेजारी शेजारी असतील तर आपल्या बाजूची रेघ पाळायची असते. आपली बाजू कोणती, हे अर्थातच आपल्या घाईवर ठरते.

चौकातील पिवळ्या जाळीदार चौकटीबद्दल मात्र गैरसमज फार. पलीकडे जागा मोकळी असल्याखेरीज, सिग्नल हिरवा असला तरी, तिच्यात शिरू नये, असे नियम सांगतो. पण आपण न शिरलो तर दुसरा शिरेल, आणि त्याच्यामागे बेस्टची बस. तेव्हा आपणच मधोमध जाऊन उभे राहावे. आडव्या दिशेचा सिग्नल हिरवा होताच चारही बाजूंची वाहने एकमेकांच्या दारांना भिडून थांबतात, आणि वाहतूक हवालदार येईपर्यंत शांतपणे फोन पाहता येतो.

उरला पावसाळा. पट्ट्यांच्या थर्मोप्लास्टिक रंगावर काचेचे बारीक मणी पेरलेले असतात, ते रात्री दिव्यांचा उजेड चालकाकडे परतवतात. त्यांच्यावर पाण्याचा थर चढला की पट्टा दिसेनासा होतो. जो दिसत नाही तो बंधनकारक नाही, हा न्याय जुलैमध्ये सर्वांना मान्य असतो, त्यामुळे आपण उगाच वाद घालू नये.

शिक्षेचेही भय बाळगू नये. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १७७अ नुसार वाहन चालवण्याचे नियम मोडल्यास ५०० ते १,००० रुपये दंड आहे. ई-चलानासोबत येणाऱ्या छायाचित्रात आपली गाडी आणि तिच्या मागच्या चाकाखालची स्टॉप लाइन दोन्ही स्वच्छ दिसतात. ते कुटुंबीयांना दाखवून, सिग्नलच चुकीच्या जागी बसवला आहे असे ठामपणे सांगावे आणि पुढच्या लोकअदालतीची वाट पाहावी.