वजन सोडून बोला की!

साताऱ्यात कुठल्याही लग्नात पाऊल ठेवलं की पहिला प्रश्न तोच. "काय गं, जाड झालीस?" वाळली तर "आजारी होतीस का?" तुम्हाला कुणी विचारलंय? माझी भाची दहावीत आहे. परवा तिच्या ताटात अर्धी भाकरी, तीही कुस्करून वाटीखाली लपवलेली. आणि बायका म्हणतात, "किती छान बारीक झाली!" छान? अहो, जेवून मुद्दाम उलट्या काढणाऱ्या पोरीचं वजन नेहमीसारखंच दिसू शकतं, पण पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडतात. हा आजार आहे, नखरे नव्हेत! १४४१६ वर टेली-मानस, म्हणजे सरकारची मनाच्या आजारांसाठीची फोनवरची मदत, मोफत आहे, ते कुणी सांगतं का? एका हाताने कंदी पेढा भरवायचा, दुसऱ्याने दंडाला चिमटा काढून "कमी कर" म्हणायचं. बास करा! अभ्यास विचारा, पाऊसपाणी विचारा, पण पोरींची वजनं विचारू नका.